बगळेची खुर्ची

थांबा थांबा, चहा येईपर्यंत सांगून टाकते, नाहीतर ह्या दिव्याची मीटिंग सुरू होते आणि माझं राहूनच जातं. बगळेचं. हो, तेच, तोंड दाखवलं की नाही ते. पण हे एका वाक्यात नाही सांगता येत ना यार, कारण तोंडाचा प्रश्नच नव्हता मुळात, आम्ही सगळे येडे महिनाभर तोंड तोंड करत बसलो आणि गोष्ट भलतीकडेच चाललेली.

जित्या, तुला माहितीच नसेल, तू इंग्लिश मीडियमवाला. ‘पतंगी’ नावाचं लहान मुलांचं मासिक आहे. आहे म्हणजे होतं. त्याच्या मधल्या आठ पानांवर कॉमिक यायचं, ‘वॉचमन बगळे’. एका सोसायटीचा वॉचमन. चोर पकडतो, भुतं पकडतो, एकदा तर पाण्याच्या टँकरमधून आलेली मगर पकडली होती त्यानं. हे सगळं काढतात आमच्या बिल्डिंगमधले काशीनाथ शिरधनकर, दुसऱ्या मजल्यावरचे, ती गोडदेवची बिल्डिंग, तू आलायस एकदा माझ्याकडे. मी फक्त बोलण्याच्या फुग्यातली अक्षरं करते, लॅपटॉपवर. आधी एक म्हातारे मास्तर हातानं करायचे, ते गेले. मग काका मला बोलले, स्वप्नाली, तुझं अक्षर बरं आहे. मी बोलले, काका आता अक्षर कोण बघतं, फॉन्ट असतो. तर बोलले, मग तुझा फॉन्ट बरा असेल. तेव्हापासून मीच.

तर बगळेची खासियत काय, तो कधीच तोंड दाखवत नाही. तीसेक वर्षं. कायम पाठमोरा. चोर समोरून दिसतात, डोळे बाहेर आलेले, घामाच्या धारा, एकेका चोराच्या नाकावर काकांनी जीव ओतलेला असतो, पण बगळे मात्र आपल्याकडे पाठ करून. आणि उभा. डाव्या पायावर सगळं वजन, उजवं पाऊल उचलून डाव्या पोटरीला टेकवलेलं, बगळ्यासारखं, म्हणून तर नाव बगळे. कमरेला डाव्या बाजूला फडकं खोचलेलं, त्या फडक्यानंच तो चोरांच्या मुसक्या बांधतो. मानेपासून टाचेपर्यंत ब्रशची एकच रेघ, एका दमात ओढलेली, मधे कुठे उचललेली नाही. ती रेघ बघितली की कुणीपण सांगेल, हे शिरधनकरांचं आहे. आणि बाजूला एक प्लॅस्टिकची खुर्ची. तिचा एक पाय तुटलेला, तिथं वीट लावलेली. बगळे त्या खुर्चीवर कधीच बसत नाही. दुसरं कोणीतरी बसतं आणि पडतं. दर अंकात एक माणूस पडतो. ‘धप्प’ हा शब्द मी इतक्या वेळा टाईप केलाय ना, की माझा फोन आता स्वतःहून सुचवतो.

लोकांनी ह्या पाठीवर काय काय लिहिलंय! मागे दादरला एक कार्यक्रम होता, काकांबरोबर मी गेलेली. स्टेजवर एक सर तासभर बोलले. चेहरा हरवलेला सामान्य माणूस काय, एका पायावर उभं असलेलं शहर काय. काका पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. मी नंतर विचारलं, काका, खरंच असं होतं मनात? काका बोलले, छे गं. पहिल्या अंकात तोंड होतं त्याला. छपाईत रंग सरकला. ओठांचा लाल हनुवटीवर आला आणि मिशी गेली कानावर. मालक माझ्यावर ओरडले. मग दुसऱ्या महिन्यात मी त्याला वळवूनच ठेवला. पाठीला काय, खाकी शर्ट आणि काळे केस, सरकू दे किती सरकायचंय ते.

मी बोलले, मग ते सर बोलले ते?

बोलू दे ना, काका बोलले. एवढी तयारी करून आले होते.

काका असेच आहेत आता. थकलेत. म्हणजे कसे थकलेत सांगू, वाक्य अर्ध्यात सोडून देतात आणि आपल्याकडे असं बघतात की पुढचं तू बोल. दर महिन्याला आठ पानं, आजारी असो, लग्न असो, पूर असो. मुलगा बंगलोरला गेला त्या दिवशीपण टॅक्सी आली तेव्हा काका शाई सुकायची वाट बघत होते. कंटाळा आला का विचारलं की बोलतात, कंटाळा यायला वेळ कुठं होता.

तर झालं काय, मालकांनी ‘पतंगी’ बंद करायचं ठरवलं. कोण वाचतंय, बरोबरच आहे. निहार, आमचा संपादक, वय माझ्याएवढंच, दाढी मात्र आजोबांची, त्यानं काय केलं, काकांना न विचारता इन्स्टावर टाकून दिलं. शेवटचा अंक. अखेर बगळे वळणार. आणि ते फिरलं ना यार! ज्यांनी दहा वर्षांत अंक हातात घेतला नव्हता ते पण बोलायला लागले, माझं बालपण, माझं बालपण. मी वर जाऊन काकांना मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि एवढंच बोलले, वळणार म्हणे. बरं.

मग बिल्डिंगमध्ये सुरू झालं. हंसाबेन, आमच्या समोरच्या, जिन्यात काकांना पकडून बोलतात, काशीभाई, मूंछ रखना हां, और थोडा गोरा रखना, वॉचमन है तो क्या हुआ, हीरो है ना. आणि सेक्रेटरी महिपतकाका, राईगावचे, ते तर रोज लिफ्टपाशी तोंड वळवून, नाक बाजूनं दिसेल असे उभे. काशीनाथ, मना काय घाई न्हाय, पन आमचा नाक बघ कसा सरळ हाय. फोटो काढून ठेवलाय, व्हाट्सपवर टाकू? काका बोलले, टाका. दुसऱ्या दिवशी विचारलं, बघितलास? काका बोलले, बघितलं, सरळ आहे.

आणि पानं येईनात. नेहमी पंधरा तारखेच्या आसपास काकांचा फोन येतो, स्वप्नाली, ने बाई. ह्या वेळी फोनच नाही. निहार मला रोज मेसेज करतो, तोंड झालं? तोंड झालं? शेवटी तो बोलला, प्रेसची तारीख तोंडावर आलीय, शनिवारी मी येतो, सरांना तोंड काढताना शूट करतो, लोकांना प्रोसेस बघायला आवडते. मी बोलले, आधी मी जाऊन बघते.

गेले वर. दार उघडंच होतं. आता त्यांचं घर डोळ्यासमोर आणा. एक हॉल, त्याला लागून किचन, मधे दार नाही, नुसती कमान. काकांचं टेबल हॉलमध्ये, पण किचनकडे तोंड करून, कारण चांगला उजेड फक्त ओट्यावरच्या खिडकीतून येतो. पहिले ते परळला होते तेव्हापण एकाच खोलीत असंच होतं म्हणे. आणि दारापाशी शैलाकाकू, खुर्चीवर, पाय स्टुलावर, त्या घट्ट मोज्यांमध्ये. काकूंचं पायाच्या शिरांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं ना, निळ्या निळ्या फुगतात त्या. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहायचं नाही, म्हणजे नाहीच. मग जेवणाचा डबा काशीगावच्या चंपाताईंकडून यायला लागला. ओटा असा स्वच्छ, एक भांडं नाही त्याच्यावर. मला जरा कसंतरीच वाटलं बघून. त्या घरात ओटा रिकामा मी कधी बघितलाच नव्हता.

काकू मला बोलल्या, बघ बाई तू तरी. ते तिथं बसून शिसपेन्सिल कुरतडतायत. लहान पोरगं असतं तर हातावर मारलं असतं.

मी टेबलापाशी गेले. आठच्या आठ बोर्ड, म्हणजे जाड कागदावरची पानं, मांडून ठेवलेले. आणि यार, काय काढलेलं काकांनी! गेट, टाकी, गाड्या, वायरींवरचे कावळे, चोर तर इतका भारी, त्याच्या बनियनचं भोकसुद्धा. खुर्ची होती, वीट होती. फक्त बगळे नव्हता. प्रत्येक चौकटीत त्याच्या जागी पांढरं. एका पानावर नाही, आठही पानांवर. पहिल्या चौकटीपासून.

मी बोलले, काका, तोंड तर शेवटच्या चौकटीत आहे ना? बाकीच्यात तर पाठच आहे.

हो, काका बोलले.

मग पाठ का नाही काढली?

त्यांनी ड्रॉवरमधून एक गठ्ठा काढून माझ्यासमोर टाकला. सगळी पाठच. पन्नास तरी पाठी असतील. आणि एकपण बगळे नव्हता त्यात. हँगरला शर्ट लटकवल्यावर दिसतो ना, तसं काहीतरी. रेघ तीच, ब्रश तोच, पण माणूस आत नाही.

येत नाहीये, काका बोलले. तोंडाचं काय, महिपतचं काढलं असतं. पाठ येत नाहीये. तीस वर्षं काढली ती, आता... आणि दिलं वाक्य सोडून. मी बोलले, हात दुखतोय का? ते बोलले, हात बरा आहे. संपलं असेल. असतं ना माणसात काहीतरी ठरलेलं, तेवढं काढून झालं असेल. आणि मग हळूच बोलले, निदान शेवटचा नीट काढून द्यायचा होता गं. त्याला असा अर्धवट सोडून...

मी खाली आले आणि निहारला काही सांगितलंच नाही. काय सांगणार?

शनिवारी दुपारी तो आला, ट्रायपॉड घेऊन. सर, नमस्कार, काकू, नमस्कार, लाईट मस्त आहे इथं. आणि पानं बघितली त्यानं. मला वाटलं आता हा रडणार. तर तो बोलतो, सर! हे जीनियस आहे! हीरोच नाही! रिकामी जागा! सामान्य माणूस व्यवस्थेनं पुसून टाकला! हे असंच छापू!

काका बोलले, अरे बाबा, ते अर्धवट आहे.

निहार बोलला, सर, तेच तर.

काकू दारातून बोलल्या, चहा घेणार का? म्हणजे स्वप्नाली करेल.

मी दूध ठेवलं गॅसवर आणि परत आले काकांना समजवायला, निहार एकीकडे समजवतोय, मी एकीकडे, आणि दुधाचं मी विसरले. ते वर यायला लागलं, आवाज येतो ना तो, सूंऽऽ. आणि काकू उठल्या. डॉक्टरबिक्टर सगळं विसरून, सवयीनं, सरळ ओट्यापाशी. मी ओरडतेय काकू बसा बसा, पण त्यांनी गॅस बारीक केला, कमरेचं फडकं ओढून भांडं उतरवलं, सांडलेलं पुसलं, फडकं परत खोचलं, डाव्या बाजूला. आणि उभ्या राहिल्या, दूध बसायची वाट बघत. पाठमोऱ्या. आणि उजवं पाऊल उचललं आणि डाव्या पोटरीला टेकवलं.

आई शप्पथ सांगते. आणि त्याच सेकंदाला माझ्या कानाशी खर्र खर्र आवाज. काकांची पेन्सिल. ते कागदाकडे बघतपण नव्हते. मान वर, हात खाली, आणि कागदावर बगळे. खराखुरा. मान, खांदा, कमरेतला तो बाक, वर उचललेली टाच.

मी किंचाळलेच. काका! बगळे! काका, बगळे म्हणजे काकू!

निहार बोलला, काय?

काका बोलले, काय?

आणि काकू न वळताच बोलल्या, आत्ता कळलं का?

काकू सावकाश चालत परत खुर्चीत बसल्या, पाय स्टुलावर ठेवले. काका बोलले, काहीतरीच काय. मी डोक्यातून काढतो त्याला. काकू बोलल्या, डोकं वर करून काढता. पहिल्या अंकापासून बघतेय. मला वाटलं तुम्हाला माहिती असेल.

कसं माहिती असेल, काका बोलले. तो पुरुष आहे.

मिशी कानावर गेली त्याची, मग पुरुष कसला, काकू बोलल्या. तो मगरीचा अंक आठवतोय? माझ्या कमरेत उसण भरलेली. तर बगळेपण वाकडा उभा होता आठही पानं. पोरांची पत्रं आली, बगळेला गोळी लागली का म्हणून. तुम्ही मलाच वाचून दाखवलीत. बघ म्हणे शैला, पोरांचं किती बारीक लक्ष असतं.

मी हसले हो, काय करू, हसूच आलं. निहारपण हसला. काका नाही हसले. ते त्या नव्या पाठीकडे बघत होते, मग ओट्याकडे, मग परत पाठीकडे, कोणीतरी दिवा लावल्यावर डोळे दिपतात ना तसे. मग एकदम जोर आला त्यांच्यात. पेन्सिल उचलली, बोर्ड पुढे ओढला आणि बोलले, शैला, जरा उभी राहतेस? दहा मिनिटं. आठ पानं आहेत, मी भराभर घेतो.

काकू बोलल्या, नाही.

अगो, पाच मिनिटं. स्वप्नाली धरेल तुला.

पाय दुखतात म्हणून नाही म्हणत नाहीये मी, काकू बोलल्या. आवाज चढला नाही त्यांचा, बिलकुल नाही, उलट खाली आला. दुखतात ते दुखतातच. पण मला आता उभंच राहायचं नाहीये. लग्नाआधी आईकडे उभी. मग इथं उभी. वर तुमच्या पुस्तकात पण उभी. दर महिन्याला अंक यायचा, मी बघायचे, म्हणायचे, घ्या, इथं पण उभीच आहे. त्याला बसायला खुर्ची दिलीत तीसुद्धा मोडकी. ह्या घरात बसून राहिलेला माणूस एकच, तुम्ही.

निहारनं हळूच ट्रायपॉड बंद केला, एवढी अक्कल आहे त्याला. काकू बोलल्या, चहा गाळ गं, थंड होतोय.

मग आम्ही काय मूर्खपणा केला ऐका. मी बोलले, काका, मी राहते उभी. उभी राहिले ओट्यापाशी, फडकं खोचलं, पाय उचलला. काका बघत राहिले, मग बोलले, तू उभी आहेस जसं काही तुझं रील काढतायत. मग निहार उभा राहिला. तो असा दिसत होता जसा बँकेच्या रांगेत नंबर लागायची वाट बघतोय. तेवढ्यात हंसाबेन वाटीत काहीतरी घेऊन आल्या, त्यांनापण उभं केलं, तर त्या सारख्या मागे वळून बघतात, ठीक है? फोटो आ गया? काकू खुर्चीत बसून हसत होत्या, पदर तोंडाला लावून. पण काकांनी पेन्सिल ठेवून दिली. निहारला बोलले, मालकांना सांग, असंच छापा रिकामं, काय लिहायचं ते त्या सरांना विचारा. आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. हो, ते उभे राहिले, माझ्या लक्षात आलं ते. बराच वेळ.

मी घरी आले आणि दोन दिवस वर गेलेच नाही. म्हणजे जायची हिंमत नव्हती. काकूंचं चुकलं असं वाटत नव्हतं आणि काकांकडे बघवत नव्हतं. आई विचारते, काय झालं गं, मी बोलले काही नाही, डोकं दुखतंय. निहारचे मेसेज बंद. त्यानंपण सोडून दिलेलं.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. स्वप्नाली, ये बाई, चोराचं वाक्य बदललंय.

मी धावतच गेले. जिन्यात महिपतकाका बोलले, अगो, आमचा नाक लागला का? मी बोलले, नंतर, नंतर.

आत गेले तर काय, काकू किचनमध्ये खिडकीपाशी बसलेल्या, खुर्ची ओट्याला लावून, आमच्याकडे पाठ, मांडीत ताट, मेथी निवडतायत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. पाय स्टुलावर. आणि उजवं पाऊल डाव्या पायावर टेकवलेलं, बसल्या बसल्यापण! सवय जात नाही ना. आणि काका टेबलाशी. मान वर, हात खाली. शाईचा वास सगळ्या घरात.

मी बोर्ड बघितले. आठही पानांवर बगळे होता. बसलेला. त्या खुर्चीवर, पाठमोरा, मान जरा पुढे झुकलेली, फडकं मांडीवर. रेघ तीच, एका दमातली, पण मानेपासून निघून कमरेशी येऊन ती वळत होती आणि खुर्चीत उतरत होती. दमलेली रेघ. म्हणजे रेघ दमलेली कशी असेल, पण होती यार, तुम्ही बघाल तेव्हा कळेल.

आणि गोष्टच बदललेली. चोर भिंतीवरून उडी मारतो, बघतो तर बगळे बसलाय. चोर घाबरतो. तीस वर्षांत बसला नाही तो आज बसलाय म्हणजे काहीतरी डाव आहे. तो खुर्चीभोवती फेऱ्या मारतो, टाकीमागं लपतो, परत येतो. बगळे हलत नाही. चोर वाट बघतो की हा आता पडेल. पडत नाही. शेवटी चोरच जवळ येतो आणि विचारतो, दमलात का? बगळे नुसती मान हलवतो. आणि चोर गेटपाशी जाऊन उभा राहतो आणि बोलतो, बसा तुम्ही. मी बघतो आज.

हे वाक्य काकांनी मला कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं. फुगा मोठा ठेव, बोलले. अक्षर बारीक. तो हळू बोलतोय.

मी बोलले, आणि तोंड? शेवटच्या चौकटीत?

काकांनी शेवटचा बोर्ड पुढे सरकवला. सगळं झालेलं, फक्त बगळेची मान पेन्सिलमध्येच ठेवलेली, शाई नव्हती. त्यांनी हाक मारली, शैला, इकडे बघ जरा.

काकू बोलल्या, कशाला?

तोंड बघायचंय.

एवढी वर्षं बघितलं नाहीत का?

काका बोलले, बघितलं. पण काढायला नाही बघितलं.

काकू मेथी निवडत राहिल्या. मग बोलल्या, नको. आत्ता कुठं बसलाय तो, लगेच कशाला वळवताय. मान दुखते मागं वळून बघताना. असू दे तसाच.

काकांनी ब्रश बुडवला आणि मानेवरून ओढली रेघ. पाठमोरीच. मी तिथूनच निहारला मेसेज केला, वळणार नाही. तो बोलला, मी लोकांना काय सांगू? मी बोलले, बसलाय म्हणून सांग.

मग काका तो शेवटचा बोर्ड घेऊन स्वतः उठून काकूंकडे गेले. दाखवायला. आधी कधी दाखवत नसत, छापून आल्यावरच. काकूंनी हात पदराला पुसले, बोर्ड लांब धरला, चष्मा नव्हता ना. बराच वेळ बघितलं.

चोराला ठेवलंत उभं? त्या बोलल्या.

हो.

बरं केलंत. आणि मग बोट ठेवलं त्यांनी खाली, खुर्चीवर. हे काय, वीट तशीच आहे अजून.

काका बोलले, ती गंमत आहे गं. पहिल्यापासून आहे.

उभ्या माणसाला गंमत, काकू बोलल्या. विटेवर उभं राहायला देव आहे. बसणारा माणूस पडेल.

काकांनी बोर्ड परत आणला. मला वाटलं आता बोलतील की शाई सुकली, प्रेसचा माणूस संध्याकाळी येतोय. तर त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि वीट खरवडायला लागले. हळूहळू, कागद फाटू नये म्हणून फुंकर मारत. ह्या पानावरची झाली, मग आधीच्या पानावरची, मग त्याच्या आधीची. सगळ्या चौकटींमधली. मी बोलले काका, मी कॉम्प्युटरवर करते, दोन मिनिटांत होईल. ते बोलले, नको, तिला इथून दिसतंय.

आणि मग प्रत्येक खुर्चीला चौथा पाय काढला. बाकीच्या तिन्हींपेक्षा चांगला जाडजूड.